झाकणाच्या आतली खूण

धारूरच्या बाजारात मैनोद्दीनभाई घडीवाल्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा पाय ठेवला, तेव्हा त्यांनी मान वर न करता मलाच विचारलं, "किती वाजले साब?"

मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. त्यांच्या मागच्या भिंतीवर दहा-बारा घड्याळं लटकत होती आणि प्रत्येकाची वेळ वेगळी होती. मी मोबाइल बघून वेळ सांगितली आणि भिंतीकडं बोट केलं. तेव्हा त्यांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर ढकललं.

"ह्यांचं काय खरं हाय? हे समदे बीमार. दवाखान्यात आलेत. बीमाराला कुणी टाइम इचारतंय का?"

स्वतःच्या मनगटावर त्यांनी उभ्या जन्मात घड्याळ बांधलं नाही. ते भिंग मात्र कपाळावरून कधी उतरायचं नाही. त्याला ते 'आयगिलास' म्हणत. चहा पिताना, बाजारात कोथिंबीर घेताना, इतकंच काय, लोकांच्या लग्नात जेवायला बसतानाही ते कपाळावर असायचं. एकदा तर आयगिलास हरवली म्हणून त्यांनी अर्धं दुकान उपसलं होतं. शमीमभाभींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शेवटी येऊन त्यांच्या कपाळावर टिचकी मारली.

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवतो. त्या दिवशी वडिलांचं चावीचं घड्याळ घेऊन गेलो होतो. ते बंद पडलं होतं आणि बीडला दोघांनी "सर, आता सेलचं घ्या" म्हणून हात झटकले होते. मैनोद्दीनभाईंनी डायलकडं बघितलंसुद्धा नाही. घड्याळ पालथं केलं, मागचं झाकण काढलं, आत भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "ह्याला पैले दिंद्रुडच्या माणसानं खोललंय. मग तेलगावच्यानं. दिंद्रुडवाला कारागीर व्हता. तेलगाववाल्यानं तेल लई पाजलंय."

मी चाटच पडलो. वडील आधी दिंद्रुडला आणि मग तेलगावला नोकरीत होते, हे मी बोललोही नव्हतो.

मग त्यांनीच मला गुपित दाखवलं. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस झाकणाच्या आतून सुईनं बारीकशी खूण कोरतो. एखादी तारीख, एखादं अक्षर. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पण टेबलावर एकसारखी दोन घड्याळं आली तरी त्या खुणेमुळं ह्याचं त्याला जात नाही. आणि आसपासच्या गावांतले कारागीर एकमेकांच्या खुणा ओळखतात.

"डायल समद्यांचंच चकचकीत असतंय साब," ते म्हणाले. "वळख मागून असती. झाकण उघडा."

हे वाक्य ते कशालाही लावायचे, पुढाऱ्याला, टरबुजाला आणि व्याह्यालाही. मुलीला स्थळ आलं तेव्हा सगळे पाहुणे मुलाचं दुमजली घर बघत होते आणि हे गृहस्थ मुलाच्या गॅरेजमधल्या नोकराशी तासभर गप्पा मारत बसले होते. परत आले आणि म्हणाले, "देऊन टाका. नोकर मालकाच्या माघारी बी खूश व्हता." ती मुलगी आज सुखात आहे.

त्याच पहिल्या भेटीत त्यांच्या मागच्या फळीवर मला बिस्किटांची एक काचेची बरणी दिसली. आत झाडाच्या सालीचा तुकडा उभा केलेला होता आणि सालीमागून एक केसाळ पाय बाहेर आला होता, माझ्या करंगळीएवढा. मी मागं सरकलो. विज्ञानाचा मास्तर असलो तरी माणूसच आहे.

आमच्याकडं लोक त्याला नुसतं केसाळ कोळी म्हणतात आणि दिसला की चप्पल काढतात. मोठ्या शहरांतले हौशी लोक त्याला टॅरँटुला म्हणतात आणि काचेच्या पेटीत पाळतात. घाटाकडच्या जुन्या झाडांच्या ढोलीत हे कोळी सापडतात. हल्ली कायद्यानं असं पाळता येत नाही म्हणे, पण तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मैनोद्दीनभाई मात्र त्याला कोळीही म्हणत नसत आणि मकडीही. ते म्हणत, बाई. फळीवरच्या त्या बाईचं नाव मलिका होतं.

"बाईच कावून?" मी विचारलं.

"नर वयात आला की वर्ष-दीड वर्षात खल्लास. बाई धा-बारा वर्षं घर सांभाळती." मग आतल्या खोलीकडं बघून हळूच म्हणाले, "घर बाईचंच असतंय साब. आमी तर सेल हाओत. संपलो की बदलायचं."

आतून भाभींचा आवाज आला, "सगळं ऐकू येतंय बरं का!"

माझी आणि त्यांची खरी दोस्ती झाली ती माझी फजिती झाल्यावर. वादळात शाळेतला जुना लिंब पडला आणि ढोलीत एक मेलेला केसाळ कोळी सापडला. मी रात्रभर पुस्तकं चाळून त्याच्या पाठीवरची नक्षी चित्रांशी जुळवली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या ऐटीत दुकानात जाऊन त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव सांगितलं. वर हेही सांगितलं की ही तुमच्या मलिकेचीच जात आहे.

मैनोद्दीनभाईंनी नाव नीट ऐकून घेतलं. मग कोळी काचेवर ठेवला, चिमट्यानं हळूच उताणा केला आणि आयगिलास माझ्या हातात दिली.

"तुमी डायल बघून कंपनी सांगायलेत साब. पुढच्या पायाच्या खालून बघा. पिवळं हाय न? समदं सलग पिवळं हाय. आता हिकडं मलिका बघा."

मलिका बरणीच्या काचेला आतून चिकटली होती, त्यामुळं तिची खालची बाजू आम्हाला दिसत होती. तिच्याही पुढच्या पायाखाली पिवळा रंग होता, पण मधे एक काळा आडवा पट्टा होता. पाठीवरून दोघी जुळ्या बहिणी वाटल्या असत्या. मी घरी जाऊन पुन्हा पुस्तक उघडलं. त्यांचं बरोबर होतं.

"जात वेगळी आहे," मी दुसऱ्या दिवशी कबूल केलं.

"जात म्हणू नका. जातीनं लई कटकट केलीय आपल्याकडं. कंपनी म्हणा." तेव्हापासून आम्ही दोघं कंपनीच म्हणायला लागलो. एकदा वर्गातही माझ्या तोंडून 'कोळ्यांच्या कंपन्या' असं गेलं आणि पोरं आठवडाभर हसली.

हे कोळी सापासारखी कात टाकतात. ती कात म्हणजे अख्खा पोकळ कोळीच असतो, पायांसकट. मैनोद्दीनभाई ती कात साबणाच्या पाण्यात मऊ करून बशीत पसरायचे, भिंगातून न्याहाळायचे आणि वाळवून घड्याळाच्या सुट्या भागांच्या खाकी पाकिटात ठेवायचे. पाकिटावर उर्दूत नाव आणि महिना लिहिलेला असायचा. मलिकेची अशी तीन-चार पाकिटं होती. जिवंत बाईला त्यांनी कधी हातात घेतलं नाही आणि दुसऱ्या कुणालाही घेऊ दिलं नाही. "बाईमाणसाला हात लावायचा नसतो," म्हणायचे, "आणि ही चावती बी जोरात."

मग ठकी आली.

ग्रामीण रुग्णालयात सुरेखा नावाच्या एक सिस्टर होत्या, एकट्या राहणाऱ्या, खणखणीत आवाजाच्या. तेलगावच्या रस्त्याला रुंदीकरणात एक चिंच पडली, तिच्या ढोलीतून हा कोळी रस्त्यावर आला होता. डाव्या बाजूचा तिसरा पाय मुळापासून तुटलेला. लोक दगड मारायला निघाले तेव्हा सिस्टरांनी जेवणाचा डबा रिकामा करून तो कोळी त्यात झाकून घेतला. जखमेला काय केलं देव जाणे, पण कोळी जगला आणि त्यांनी त्याचं नाव ठकी ठेवलं. सरकारी क्वार्टरमध्ये जवळजवळ वर्षभर ठकी त्यांच्याजवळ होती. मग त्यांची बदली जालन्याकडं झाली, तिथं तिघींत मिळून एक खोली. एका संध्याकाळी त्या बरणी घेऊन दुकानात आल्या.

"चाचा, सहा महिने सांभाळा. मी येऊन घेऊन जाते. हिच्याशिवाय मला कुणी नाही हो," त्या म्हणाल्या आणि एवढ्या खमक्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मैनोद्दीनभाईंनी बरणी दोन्ही हातांनी घेतली. "सिस्टर, ही अमानत हाय. तुमची चीज तुमाला जशीच्या तशी भेटंल."

मी नंतर थट्टेनं विचारलं, "हिच्या झाकणावर काय खूण कोरणार?"

"हिची खूण अल्लानंच केलीय," ते म्हणाले. "लंगडी हाय बिचारी."

इथंच त्यांची चूक झाली, आणि ती फक्त घड्याळाच्या कारागिरालाच होण्यासारखी होती. घड्याळावर कोरलेली खूण जन्मभर राहते. पण कोळ्यानं कात टाकली की तुटलेला पाय पुन्हा फुटतो, आधी काडीएवढा आणि पुढच्या काती-दोन कातींत चांगला भरलेला. हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत असणार. पण पाहुणीला उताणं करून कंपनी बघायचं त्यांना सुचलं नाही, आणि पाठीवरून ती मलिकेसारखीच दिसत होती. लंगडेपणाची खूण पुरेशी वाटली.

सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची तीन वर्षं झाली. सिस्टर फोन करायच्या. ठकीनं दोनदा कात टाकली आणि तिचा पाय भरून आला. पाहुणीची चीज म्हणून त्या काती मैनोद्दीनभाईंनी न पसरता, न न्याहाळता तशाच पाकिटात ठेवल्या. त्या तिसऱ्या वर्षी ईदच्या आधी शमीमभाभींनी दुकानाला रंग द्यायचं काढलं. भाभी तशा या बायांना वैतागलेल्या असायच्या, पण त्यांच्यासाठी झुरळं पकडायच्या त्याच. त्यांनी मलिकेला एका स्टीलच्या डब्यात आणि ठकीला दुसऱ्या डब्यात ठेवलं आणि दोन्ही बरण्या सोड्यानं लख्ख घासल्या. नावांच्या चिठ्ठ्या धुऊन गेल्या. संध्याकाळी डबे सारखे, बरण्या सारख्या आणि बायाही सारख्या.

मैनोद्दीनभाई हसले. "आपली बाई आपल्याला वळखती," म्हणाले. ते मलिकेला खाणं द्यायच्या आधी चिमट्यानं झाकणावर तीनदा टकटक करायचे आणि मलिका सालीमागून पुढचे दोन पाय बाहेर काढायची. त्यांनी दोन्ही बरण्यांवर टकटक केली. एकीनं पाय बाहेर काढले, दुसरी तशीच रुसून बसली. झालं. पाय काढणारीवर 'मलिका' अशी चिठ्ठी लागली आणि रुसलेलीवर 'ठकी'.

मी त्यांना सांगितलं होतं की कोळ्याला माणूस ओळखता येत नाही, भूक लागली की ते हादरा जाणवून पुढं येतात, बस. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी विषय बदलला. त्यांची पोरं बाहेरगावी होती आणि चावीची घड्याळं आणणारी माणसं एकेक करून संपत चालली होती. दिवसभरात सेल बदलायला आलेली दोन-तीन गिऱ्हाइकं, तेवढंच काम. अशा वेळी टकटक केल्यावर कुणीतरी पाय पुढं करतं, ह्याचं मोल मला नंतर कळलं. पुढचं वर्षभर ते त्या मलिकेशी बोलायचे. बाजारभाव सांगायचे, भाभींची तक्रार करायचे. दुसरीला खायला जरा जास्त मिळायचं, कारण ती पाहुणी. पण गप्पा मलिकेशी.

आणि सिस्टरांचा फोन आला. बदली तेलगावला झाली, क्वार्टर मिळालं, रविवारी ठकीला न्यायला येते. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "चाचा, तिची ती लंगडी कात ठेवलीय का हो? मला बघायचीय."

शुक्रवारी दुपारी मी वडिलांचं घड्याळ घेऊन गेलो, ते पुन्हा मागं पडायला लागलं होतं. मैनोद्दीनभाई टेबलाशी बसले होते. समोर दोन बशा होत्या. चेहरा उतरलेला. त्यांनी मला वेळ विचारली नाही. आयगिलास पुढं केली.

"बघा."

पहिल्या बशीत ठकीची लंगडी कात होती. सात पाय, म्हणजे ठकीचीच, शंकाच नाही. पुढच्या पायाखाली सलग पिवळा रंग. दुसऱ्या बशीत मलिकेची कात, ठकी येण्याच्याही आधीची. पिवळ्यात काळा पट्टा.

"म्हणजे दोघी वेगळ्या कंपनीच्या," मी म्हणालो. "मग बरंच झालं की! आता ओळखायला सोपं."

"बरण्या बघा साब."

मी उठून बघितलं. 'ठकी' चिठ्ठीच्या बरणीतली बाई काचेला चिकटली होती. तिच्या पायाखाली काळा पट्टा स्पष्ट होता. 'मलिका' चिठ्ठीच्या बरणीवर मी टकटक केली. दोन पाय पुढं आले. खालून सलग पिवळे.

वर्षभर ज्या बाईशी ते बोलत होते ती ठकी होती.

चहा आला, बशीत ओतला आणि तसाच निवला. शेवटी मीच तोंड उघडलं आणि आजही त्याची मला लाज वाटते. मी म्हणालो, "मैनोद्दीनभाई, चिठ्ठ्या आहेत तशा राहू द्या. सिस्टरांना काय फरक कळणारय? त्यांना एक बाई मिळेल, तुमच्याजवळ तुमची राहील. कुणाचं काय बिघडतं?"

भाभी दारात उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या, "सर बरोबर बोलायलेत. एवढा जीव लागलाय तुमचा."

त्यांनी माझं घड्याळ ओढून घेतलं, झाकण उघडलं आणि कामाला लागले. "रविवारी न्या," एवढंच म्हणाले.

रविवारी मी गेलो तेव्हा दोन्ही बरण्या टेबलावर होत्या आणि चिठ्ठ्या होत्या तशाच होत्या. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. सिस्टर आल्या, पिशवीभर सीताफळं घेऊन. आल्या आल्या त्यांनी 'ठकी' चिठ्ठीची बरणी उचलून छातीशी धरली.

"हीच! हीच माझी ठकी! अगं, अशीच कोपऱ्यात रुसून बसायचीस ना तू! बघा, पाय पण आला!" त्या हसत होत्या आणि रडतही होत्या. त्यांनी बरणी ओढणीत गुंडाळली, लंगड्या कातीचं पाकीट पर्समध्ये ठेवलं, चाचांना वाकून नमस्कार केला. मैनोद्दीनभाई माझं उघडं घड्याळ हातात धरून बसले होते. त्यांना काही म्हणजे काहीच करायची गरज नव्हती. खोटं बोलायचं नव्हतं, चिठ्ठी बदलायची नव्हती. फक्त गप्प बसलं तरी पुरे होतं. सिस्टर पायरी उतरल्या.

"सिस्टर."

त्या वळल्या.

"ती न्हाई. ही." त्यांनी दुसरी बरणी पुढं सरकवली. "चूक माझी हाय. चिठ्ठी मीच लावलती. घ्या, आयगिलास लावा. पाकिटातली कात काढा, तिचा पाय बघा. मग हिचा पाय बघा."

सिस्टरांनी पाहिलं. कात पाहिली, बाई पाहिली, मग मैनोद्दीनभाईंकडं पाहिलं. नर्सच त्या, माणसाचा चेहरा वाचणं हे त्यांचं रोजचं काम. "चाचा, ही राहू द्या ना तुमच्याकडं," त्या हळूच म्हणाल्या. "मी ती नेते. मला चालेल."

"मला चालत न्हाई," मैनोद्दीनभाई म्हणाले. "अमानत हाय." मग जरा थांबून, "खाणं देताना झाकणावर तीनदा वाजवत जा. सवय हाय तिला."

सिस्टर गेल्या. मैनोद्दीनभाईंनी राहिलेली बरणी समोर ओढली, चिठ्ठी खरडून काढली आणि आत बघत बसले. "हिला आता नव्यानं सलाम करावा लागंल साब," ते म्हणाले. "वर्षभर आपल्याच घरात पाहुणी म्हणून ऱ्हायली." त्यांनी टकटक केली. मलिकेनं पाय काढला नाही. त्यांनी माझ्या घड्याळाचं झाकण उचललं, सुई घेतली आणि पाठ करून बराच वेळ काहीतरी कोरत बसले.

त्यानंतर दीडेक वर्ष ते होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते स्टँडवर, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बीडला निघालेले. एका हातात पिशवी, दुसरा हात भाभींच्या खांद्यावर, आयगिलास कपाळावर. मला बघून म्हणाले, "किती वाजले साब?" मी सांगितलं. "मग टाइम हाय," म्हणाले आणि एसटीत चढले. ऑपरेशन नीट झालं होतं. पण तिथंच दोन दिवसांनी झोपेत गेले. मलिका भाभींनी ठेवून घेतली. झुरळं अजून त्याच पकडतात.

परवा वडिलांचं घड्याळ पुन्हा बंद पडलं. धारूरला आता कुणी नाही, म्हणून माजलगावला एका तरण्या कारागिराकडं गेलो. त्यानं झाकण उघडलं, भिंग लावलं आणि हसला.

"सर, हे कुणी कोरलंय? तारखेच्या खाली किडा काढलाय."

मी भिंग मागून घेतलं. दिंद्रुडची खूण होती, तेलगावची होती, मैनोद्दीनभाईंची तारीख होती आणि त्याखाली सुईनं काढलेला केसाएवढ्या रेषांचा एक कोळी होता. मी पाय मोजले. सात नीट होते. डावीकडचा तिसरा नव्हता.

"किडा नाही तो," मी म्हणालो. "बाई आहे. ठकी नाव तिचं."